ब्रेक सकाळपासून खात नाही

एकतीस वर्षांत मास्तरांनी साडेचार हजार माणसांना गाडी चालवायला शिकवली आणि स्वतः चालवली ती घर ते मैदान, मैदान ते घर. बाकीचा सगळा जन्म शेजारच्या सीटवर गेला. त्या सीटपुढे पायाशी एक जादा ब्रेक बसवलेला होता, आणि मास्तरांची सगळी विद्या त्या ब्रेकवर ठेवलेल्या उजव्या पायात होती. नवा विद्यार्थी घामाघूम झाला की ते म्हणायचे, "घाबरू नका, ब्रेक माझ्याकडे आहे." विद्यार्थ्याला धीर येईपर्यंत मास्तरांनी तो दाबलेलाही असायचा. गावाने त्यांना ब्रेकमास्तर हे नाव उगाच नव्हतं दिलं.

पायाची ही खोड गाडीपुरती राहिली असती तर एक वेळ चाललं असतं. पण जित्याची खोड. दातांच्या डॉक्टरने तोंडात यंत्र घातलं की मास्तरांचा पाय खुर्चीचं पायदान दाबायचा. टीव्हीवर कुणी गाडी भरधाव सोडली की समोरचं स्टूल भिंतीला जाऊन आपटायचं. कुणी लग्नाचं ठरवतोय असं सांगितलं तरी पाय आपोआप खाली जायचा, असं त्यांचे विद्यार्थी म्हणत. विद्यार्थ्यांचं काय, परवाना हातात पडला की त्यांना तोंड फुटतं.

साडेचार हजारांना शिकवणाऱ्या या माणसाने घरात मात्र कुणाला शिकवलं नाही. वीस वर्षांपूर्वी मास्तरीणबाईंनी एकदा विचारून पाहिलं होतं. "घरच्या माणसाला गाडी शिकवणं म्हणजे भांडण शिकवणं," असं उत्तर मिळालं. बाईंनी "बरं" म्हटलं आणि विषय संपला. बायको "बरं" म्हणाली की विषय संपतो असं मानणारे जे नवरे जगात आहेत, त्यांत मास्तरांचा नंबर बराच वर लागला असता.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी या घरात सशांची जोडी आली. लेक आणि जावई नोकरीपायी दूरच्या शहरात गेले. तिथल्या भाड्याच्या घरात प्राणी चालत नव्हते, म्हणून नातीने आपले दोन ससे आजीआजोबांकडे ठेवले. फक्त दोन आठवड्यांसाठी. त्या दोन आठवड्यांना आता चौदा महिने होत आले होते. नातीचं बालपण ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात गेल्यामुळे तिने सशांची नावं ठेवली होती क्लच आणि ब्रेक. क्लच काळाभोर, गुबगुबीत. आभाळ कोसळलं तरी याचं तोंड चालूच. ब्रेक राखाडी, एक कान पडलेला. दाराची कडी वाजली तरी हा टेबलाखाली. सशाचं काळीज म्हणतात ते याच्याकडे होतं, आणि तेही जरा लहान मापाचं.

सशांबद्दल मास्तरांचं जाहीर मत ठरलेलं होतं. "लांब कान फुटले म्हणून काय उंदरांना घरात घ्यायचं?" आल्यागेल्याला ते हे ऐकवत. ऐकवून झालं की मैदानाच्या कडेला बसून कात्रीने कोवळं गवत कापत, आणि तोवर विद्यार्थी गाडी चालू ठेवून ताटकळत. ऑफिसातल्या टेबलाखाली त्यांनी जुन्या सीटच्या फोमची गादी केली होती. ती म्हणे फोम वाया जाऊ नये म्हणून. ब्रेकच्या पडलेल्या कानात रोज सकाळी ते काहीतरी बोलत. ते काय, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ताकास तूर लागू देतील तर ते मास्तर कसले!

मग लेकीने नवं घर घेतलं, आणि त्या घरात प्राणी चालत होते. नातीचा ससेमिरा सुरू झाला. "आजोबा, कधी आणताय?" रोज संध्याकाळी फोन. मास्तर म्हणत, गाडी सर्व्हिसिंगला आहे. मग परीक्षेची बॅच आहे. मग टायर. खरी गोष्ट अशी होती की ब्रेक घरातून जाणार ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती, आणि ती बोलून दाखवणं त्याहून सोसत नव्हतं. अशात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. इतक्या आनंदाने ऑपरेशनला गेलेला पेशंट त्या डॉक्टरने पाहिला नसेल. महिनाभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरने सांगितलं. मास्तरांनी हिशेब केला: महिन्यानंतर कडक उन्हाळा, सशांना ऊन सोसत नाही. त्यानंतर पावसाळा, रस्ते खराब. म्हणजे आता थेट थंडीतच. फोनवर त्यांनी हे इतक्या दुःखी आवाजात सांगितलं की नात त्यांनाच धीर द्यायला लागली.

बाई भाजी निवडत होत्या. त्या उठल्या, आत गेल्या आणि एक कार्ड आणून मास्तरांपुढे टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"वाचा. एका डोळ्याने दिसतंय ना?"

तो गाडी चालवण्याचा परवाना होता. फोटो बाईंचा होता. तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती.

"कुणी शिकवलं?" मास्तरांनी कार्ड उलटून पाहिलं.

"समोरच्यांनी. त्यांच्याच गाडीवर अधूनमधून हात साफ करते."

समोरच्यांचं म्हणजे रस्त्यापलीकडचं ड्रायव्हिंग स्कूल. ते चालवणारा मास्तरांचाच जुना विद्यार्थी, तीन वेळा नापास झालेला. दिव्याखाली अंधार असतो हे मास्तरांनी ऐकलं होतं, पण त्या अंधारात बायको नऊ वर्षं गाडी चालवतेय हे त्यांना नवीन होतं. टेबलाखाली पाय दोनदा खाली गेला. काही थांबलं नाही.

रविवारी पहाटे निघायचं ठरलं. साडेपाचशे किलोमीटर. गाडी अर्थातच शाळेची, कारण दुसरी नव्हतीच. टपावर पिवळी पाटी स्क्रूने घट्ट बसवलेली: "शिकाऊ चालक, अंतर ठेवा." मागच्या सीटवर पिंजरा पट्ट्याने बांधला, वर ओलं फडकं, आत सुकं गवत, कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणि पाण्याची बाटली. पाच वाजता दोन्ही सशांनी पोटभर खाल्लं. बाई स्टिअरिंगवर बसल्या. मास्तर आपल्या नेहमीच्या सीटवर बसले, आणि पाय आपल्या नेहमीच्या जागी.

ती पाटी पाहून मोठमोठे ट्रक आदराने लांब राहत होते. रस्ता मोकळा, हवा गार, बाई सरळ आपल्या लेनमध्ये. कुणालाही वाटलं असतं, प्रवास सुखाचा होणार. पण एक कुत्रा दिसला आणि गाडी गचका खाऊन थांबली. पिंजऱ्यात दोन्ही ससे एका कोपऱ्यातून दुसऱ्यात.

"ब्रेक कुणी दाबला?" बाईंनी विचारलं.

"कुत्रा होता."

"कुत्रा शेतात होता. बांधलेला."

पुढे एक पिशवी उडत आली. गचका. मग समोरची बस लांबवर वळली. गचका. एकदा तर काहीच नव्हतं. बाईंनी नुसतं गुणगुणायला सुरुवात केली होती. मास्तरांचं म्हणणं असं की स्टिअरिंगवर गाणारा माणूस धोकादायक असतो. ससेहोलपट हा शब्द ज्याने कुणी काढला, त्याने एकदा तरी मास्तरांच्या गाडीतून प्रवास केला असणार.

दहाच्या सुमाराला बाईंनी पेट्रोल पंपाच्या कडेला सावलीत गाडी लावली आणि फडकं उचललं. क्लच गवत चावत होता. पण ब्रेक कोपऱ्यात पोट जमिनीला टेकवून, डोळे अर्धे मिटून बसला होता. त्याच्यापुढची कोथिंबिरीची जुडी जशीच्या तशी. बाईंनी एक काडी नाकाशी नेली, त्याने तोंड फिरवलं. पहाटेपासून याने दातालाही काही लावलेलं नव्हतं. ससा खायचा थांबला की तो फार दिवस राहत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"परत फिरायचं का?" बाई म्हणाल्या. त्या मास्तरांकडे पाहत होत्या.

मास्तरांच्या पोटात "हो" होतं. चौदा महिने होतं. ओठावर आलं ते भलतंच. "मला काय विचारतेस? ससे तुझ्या नातीचे."

बाईंनी फडकं पुन्हा ओलं केलं. "डॉक्टरांना फोन तरी लावा," एवढंच म्हणाल्या.

मास्तरांनी एका डोळ्याने फोनमधलं नाव शोधलं, बटण दाबलं आणि रस्त्याच्या आवाजात ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"डॉक्टर, मी मास्तर. हिच्या हाती गाडी देऊन निघालोय, वाटेत अडकलोय. ब्रेक सकाळपासून काही घेत नाहीये हो."

"अजिबात घेत नाही?" पलीकडे हातोडीचे ठोके पडत होते. दवाखान्यात बांधकाम काढलंय वाटतं, मास्तरांच्या मनात आलं.

"अजिबात नाही. नुसता बसून आहे."

"बसलाय म्हणजे जाम झालाय. तापलाय का, हात लावून बघा."

मास्तरांनी पिंजऱ्यात हात घातला. "कान गरम लागताहेत."

"कशाचे कान?"

"त्याचेच. दोन्ही."

ठोके थांबले. "बरं, कान राहू द्या. खाली कुठे ओलं दिसतंय?"

"पहाटे झालं होतं. त्यानंतर कोरडं आहे."

"मग गळती नाही, हे चांगलं. किती जुना आहे?"

"चार वर्षांचा."

"चार वर्षं? आणि एकदाही बदलला नाहीत? मास्तर, तुम्हीसुद्धा?"

"बदलायचा कसा, डॉक्टर?" मास्तरांनी पिंजऱ्यातला हात तसाच ठेवला. "घरातलाच झालाय तो आता. त्याच्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटत नाही."

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. पलीकडच्या माणसाने हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला. ब्रेकवर इतका जीव असलेलं गिऱ्हाईक त्यालाही पहिलंच भेटलं असावं.

"हे बघा मास्तर," तो समजुतीने म्हणाला, "राग मानू नका, पण दोष त्याचा नाही, तुमचा आहे. तुमचा पाय मला माहीत आहे ना. उठसूट दाबत बसता. मग तो तापतो, दमतो आणि काम करायचा थांबतो. आधी पाय काढा त्याच्यावरून. बाई चालवताहेत ना? मग त्यांना निवांत चालवू द्या. अर्ध्या तासात नाही सुधारला, तर पुढच्या गावात उघडून बघावा लागेल."

"उघडून?" मास्तरांनी पिंजऱ्याचं दार झटकन लावून घेतलं.

बाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला, नाव वाचलं आणि बंद केला. झालं होतं असं की मास्तरांच्या धंद्यात गॅरेजवाल्याला डॉक्टरच म्हणतात, आणि वीस वर्षं तो फोनमध्ये त्याच नावाने नांदत होता. जनावरांचे खरे डॉक्टर बिचारे "ससेवाले" म्हणून खाली होते. बाई आधी तोंडावर हात धरून हसल्या, मग हात सोडून हसल्या, आणि डोळे पुसता पुसता एकदम गंभीर झाल्या.

"गॅरेजवाला का असेना, खोटं काय बोलला?" त्या म्हणाल्या. "सोनारानेच कान टोचावे लागतात. मी सकाळपासून तेच सांगतेय. तुम्ही पुढे बसणार असाल तर मी गाडी हलवत नाही. मागे बसा."

मास्तर आपल्याच गाडीत मागे कधी बसले नव्हते. मागे बसतात ती पोरं, सामान आणि नापास झालेले. पण त्यांनी वाद घातला नाही. आधी खऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ते थोडक्यात म्हणाले, "घाबरलाय. आवाज नको, ऊन नको, धक्का तर नकोच. मांडीवर घ्या, ओली पानं पुढे धरा, जबरदस्ती करू नका. तीन वाजेपर्यंत लेंड्या टाकल्या तर पोट चालू आहे समजा. नाही टाकल्या तर पुढे जाऊ नका, जवळचा दवाखाना गाठा. उशीर केलात तर हाती काही लागणार नाही."

गाडी निघाली. मास्तरांनी ब्रेकला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. त्याचं काळीज टॉवेलामधूनही हाताला जाणवत होतं. पुढे एक ट्रॅक्टर आडवा आला आणि मास्तरांचा पाय सवयीने दाबला गेला. पायाखाली रबरी मॅट होती. मॅटला कुणाची भीती? गाडी मात्र हळूहळू मंदावली, ट्रॅक्टरला वाट दिली आणि पुन्हा चालू लागली. मांडीवरचा ससा जागचा हलला नाही. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मास्तरांनी पुढच्या दोन सीटमधून नीट पाहिलं. बाई खड्डा लांबूनच ओळखत होत्या. वळणाआधी गिअर उतरवत होत्या. एवढं मऊ क्लच सोडणं त्यांच्या साडेचार हजारांतल्या फार तर दहाबारा जणांना जमलं असेल. ते मनातल्या मनात नापास करायला कारण शोधत राहिले आणि शेवटी गप्प बसले.

मग पडलेल्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटले, "घाबरायचं नाही."

"काय म्हणालात?" पुढून बाईंनी विचारलं.

"तुला नाही." मग त्यांनाच काहीतरी वाटलं. "बरं, तुलाही. घाबरू नको. ब्रेक माझ्याकडे आहे."

"असू द्या तुमच्याकडेच," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे दुसरा आहे."

बारा वाजले. एक वाजला. क्लचने आपली जुडी संपवून ब्रेकच्या जुडीवर नजर ठेवली. बाईंनी गाडीतच बिस्किटं खाल्ली, मास्तरांना विचारलं तर ते नको म्हणाले. दोनला मास्तर कोथिंबिरीची काडी धरून इतके स्थिर बसले होते की त्यांचा हात बधिर झाला. त्यांना भीती वाटत होती, खरीखुरी, आणि या खेपेला दाबायला काहीही नव्हतं. सव्वादोनला नाक हललं. मग एक पान आत गेलं. मग अर्धी काडी. पावणेतीनला त्यांच्या नव्या पॅंटवर तीन वाटोळ्या, कोरड्या, उत्तम लेंड्या पडल्या.

"टाकल्या!" मास्तर ओरडले.

बाईंनी इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, गाडी कडेला घेऊन उभी केली आणि मगच मागे वळल्या. मास्तर तळहात पुढे करून बसले होते. चेहऱ्यावर असा आनंद की लेकीचा जन्म झाला तेव्हाही नसेल. तेव्हा म्हणे ते परीक्षेच्या बॅचवर होते. बाईंनी लेंड्या पाहिल्या, नवऱ्याचे भरलेले डोळे पाहिले आणि "ऑपरेशनच्या डोळ्याला हात लावू नका" एवढंच म्हणाल्या.

ससा वाचला. आणि तो वाचला म्हणजे आता तो जाणार, हे मास्तरांच्या लक्षात यायला पुढची पाटी पुरली. एकशे ऐंशी. मग एकशे दहा. मग चाळीस. टायर फुटावा असं त्यांना मनापासून वाटलं. पण टायर नवे होते. सबब म्हणून त्यांनीच घातले होते.

लेकीचं घर पहिल्या मजल्यावर होतं. नात पायऱ्यांवरच उभी होती, चांगली वीतभर वाढलेली, उंच. तिने खोलीच्या एका कोपऱ्यात सशांची जागा करून ठेवली होती, खाली चटई, वर टेबलाचं छत. तिने स्वतः पिंजऱ्याचं दार उघडलं. क्लच बाहेर आला, सगळ्यांच्या पायांचा वास घेतला आणि सरळ गवताकडे गेला. ब्रेक बाहेर आला, नातीकडे पाहिलं आणि धावत जाऊन मास्तरांच्या मागे दडला.

"ब्रेक," नातीने हाक मारली. "ए ब्रेक. मी आहे."

तो आणखी मागे सरला.

नात उठून उभी राहिली. नऊ वर्षांची पोर, रडायचं नाही असं ठरवलेली. "तो मला विसरला," ती म्हणाली. "तुमचा झाला आता. आजोबा, त्याला परत घेऊन जा तुम्ही. खरंच. मला क्लच आहे."

ज्याच्यासाठी एवढ्या सबबी रचल्या, डोळ्याचं ऑपरेशनसुद्धा वापरून घेतलं, ते नातीने आपणहून पुढ्यात आणून ठेवलं होतं. मास्तरांनी फक्त "बरं" म्हणायचं होतं. बाई त्यांच्याकडे पाहत होत्या. मास्तर नातीच्या हनुवटीकडे पाहत होते. ती थरथरत होती.

"विसरतोय कसला!" ते म्हणाले. "दिवसभर गाडीत बसून पाय आखडलेत त्याचे. ये, बस इथे. मांडी घाल."

ती बसली. मास्तर गुडघे धरत तिच्या शेजारी फरशीवर बसले, ब्रेकला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं आणि वरून आपला हात धरला.

"एक हात पोटाखाली. हं. दुसरा पाठीवर. आवळायचं नाही, नुसतं राहू द्यायचं. या पडलेल्या कानाशी हळू बोलायचं, त्याला आवडतं."

"काय बोलायचं?"

"काहीही. मी रोज सांगतो, तू गेलास तर मला करमणार नाही."

लेकीने बाईंकडे पाहिलं. नात सशाच्या कानावर वाकली आणि बराच वेळ काहीतरी कुजबुजत राहिली. ससा आधी लटपटला. मग त्याने पाय पोटाखाली घेतले, आणि मग डोळे मिटले.

"आजोबा, तुम्ही धरलंय ना त्याला?" तिने मान न उचलता विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले. त्यांनी हात केव्हाच काढून घेतला होता.